जामीन मंजूर, तरी ११ दिवस आत. जामीनदाराची अट हवीच का?

रामबागकर:
आमच्याकडे रंगकामाला येणारा पोरगा मारामारीत धरला गेला. कलम अजामीनपात्र, म्हणजे जामीन द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवणार, पण चौथ्या दिवशी जामीन मंजूर झाला: २५,००० चा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याचाच एक जामीनदार. आम्हाला वाटलं, संध्याकाळी सुटेल. सुटला ११ दिवसांनी. वडील खरगोनकडचे, शेतमजूर. त्यांच्यासोबत मी इथे इंदूरच्या कोर्टात गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशन कार्ड, मतदार कार्ड, सगळं दोऱ्याने बांधून आणलेलं. बाबूने पिशवी उघडलीसुद्धा नाही. "पावती लाए हो?" पावती म्हणजे आपल्याकडे ऋण पुस्तिका, शेताची वही, जामीनदाराच्या मालमत्तेचा पुरावा. शेतच नाही तर वही कुठली? बाहेर एक जण म्हणाला, पैसे द्या, जामीनदार उभा करतो. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला फार लाज वाटली. ज्याच्या नावावर काही नाही त्याला जातमुचलक्यावर सोडा, असं माझं ठाम मत आहे.

सुदामानगरची मीना:
दादा, वाईट वाटलं. पण दुसरी बाजू मी भोगलीय. आमच्याकडे घरफोडी झाली, आईच्या पाटल्या गेल्या. आरोपी जामिनावर सुटला आणि लागोपाठ तीन तारखांना आलाच नाही. मी रजा टाकून साक्षीला जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. शेवटी कोर्टाने जामीनदाराला नोटीस काढली. रक्कम आपल्याकडून वसूल होणार म्हटल्यावर त्यानेच आरोपीला आणून उभं केलं. वॉरंटने जे झालं नाही ते त्या वहीने केलं. अट काढू नका.

नवी वकील:
मीनाताई, हा वाद आपल्याच मध्य प्रदेशातून सुप्रीम कोर्टात गेला होता. १९७८ चा मोतीराम खटला. गवंड्याकडे १०,००० चा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालला नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जामीनपात्र गुन्ह्यात तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्येच आहे: अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणूस गरीब समजायचा आणि जातमुचलक्यावर सोडायचा. अजामीनपात्र असेल तर अट शिथिल करायला त्याच कोर्टात अर्ज द्या. जामीन होऊनही सात दिवसांत सुटका नाही झाली तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. तिथला वकील फुकट मिळतो. रामबागकर, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

रामबागकर:
नाही. कुणीच नाही.

सुदामानगरची मीना:
कायदा समजला. पण जातमुचलक्यावर सुटलेला खोली बदलून गेला तर नोटीस कुणाला काढायची?

रामबागकर:
मला काढा! मी उभा राहायला तयार होतो, सहा वर्षं ओळखतो त्याला. पण माझं घर भाड्याचं, म्हणून मीही चाललो नाही.

सुदामानगरची मीना:
ओळखीच्या माणसाची हमी मला पटते, पण पहिल्यांदा पकडल्या गेलेल्यासाठीच. आमच्या घरात शिरलेल्यावर आधीचे दोन गुन्हे होते. त्याला वहीच लागेल.