एफएलएक्स-४ घेऊ की सेकंडहँड डीडीजे-८००? आवाजात खरंच फरक असतो का?

हळदीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा. मी पायोनियरच्या डीडीजे-४०० या डीजे कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन) वाजवतो, काम म्हणजे मेनली हळदी आणि संगीत, अधूनमधून गॅदरिंग. साऊंड माझा नसतो, ज्या गावात कार्यक्रम तिथला साऊंडवाला, मी फक्त लॅपटॉप आणि मशीन घेऊन जातो. मागच्या महिन्यात सिन्नरकडे एक हळद होती, माझ्याआधी दुसरा मुलगा डीडीजे-८०० वर वाजवून गेला आणि मी सुरू केल्याबरोबर साऊंडवाला चार लोकांसमोर म्हणाला की तुझ्या मशीनचा आवाजच पातळ आहे, त्याचा बघ कसा भरून येत होता. आणि खरंच पातळ वाटत होता राव, बेस तर गायबच. त्यात गाणं संपलं की मागे बारीक घूंऽऽ चालू. लई लाज वाटली.

आता डोक्यात तीन आहेत, नवीन एफएलएक्स-४, न्यूमार्कचं मिक्सट्रॅक प्लॅटिनम एफएक्स नाहीतर सेकंडहँड ८००. त्या मुलाच्या मशीनवर पाच मिनिटं हात फिरवला तर जॉगच (हाताने फिरवायची तबकडी) वेगळा लागला, माझा त्याच्यापुढे खेळण्यातला वाटायला लागला. मशीन बदललं तर आवाज सुधारेल का हा मेन प्रश्न, हाताचं नंतर.

बेसचा_बादशहा

भावा मास्टर (मशीनचा मुख्य आवाज) फुल कर ना. मी तर लाल लाईट लागेपर्यंत देतो, पब्लिक खूश एकदम.

वायरवाले_काका

वरच्याचं अजिबात ऐकू नकोस. लाल लाईट म्हणजे सिग्नलचं डोकं कापलं जातंय, ते पुढे कुणालाच परत जोडता येत नाही आणि टॉपचे ड्रायव्हर (वरच्या स्पीकरमधले आवाज काढणारे भाग) जळले की बिल साऊंडवाला भरतो. मी साताऱ्याकडे वीस वर्षं साऊंड लावतोय म्हणून सांगतो.

आधी मला एक सांग, तू मशीनमधून मिक्सरला गेलास तेव्हा केबल कुठली होती? एका बाजूला दोन आरसीए (टीव्ही-डीव्हीडीच्या लाल-पांढऱ्या पिना) आणि दुसऱ्या बाजूला एकच मोठी स्टिरिओ पी-३८ (जाड गोल जॅक), अशी होती का? आणि गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत होता का?

हळदीवाला_नाशिक

काका तुम्ही तिथे होतात का?? हो, तशीच केबल, साऊंडवाल्यानेच दिली होती, म्हणाला एकाच चॅनलमध्ये काम होतं. आणि हो, कोरस नीट येत होता पण मेन गायक लांब गेलेला.

वायरवाले_काका

मग मशीन निर्दोष आहे. मिक्सरच्या लाइन इनपुटला बॅलन्स्ड पिन लागते (एकच सिग्नल दोन तारांवर, एक सरळ आणि एक उलटा), तिथे पिनचं टोक आणि त्यामागची रिंग यांच्यातला फरक काय तेवढाच मिक्सर ऐकतो, बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा येतो म्हणून तो कटतो, ही त्याची गंमत. तू तिथे टोकावर डावा चॅनल दिलास आणि रिंगवर उजवा. म्हणजे डाव्यातून उजवा वजा. गाण्यात किक, बेस आणि मेन गायक हे मधोमध असतात, दोन्हीकडे सारखे, ते गेले वजाबाकीत. उरलं ते कडेचं, कोरस, रिव्हर्ब, झांजा. म्हणून पातळ.

दुसरी गोष्ट लेव्हलची. ८०० ला मागे एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी) आहे, ४०० ला आणि तुझ्या यादीतल्या बाकी दोघांना फक्त आरसीए. घरगुती लाइनचं ठरलेलं माप -१० डीबीव्ही, प्रोचं +४ डीबीयू, दोघांत जवळजवळ १२ डीबीचं अंतर. प्रत्येक मशीन मोजून तेवढंच देतं असं नाही, पण आधीच्या पोरासाठी मिक्सरवर लावलेल्या गेनवर (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) तुझी पिन खोचली तर तू हळू वाजणारच, आणि आवाज हळू असला की आपल्या कानाला बेस अजूनच कमी लागतो.

उपाय सोपा आहे. दोन चॅनलचा डीआय बॉक्स घे, म्हणजे साध्या सिग्नलचा बॅलन्स्ड करणारी डबी. मशीन ते डीआय दोन-तीन मीटरच्या आत आरसीए, तिथून पुढे एक्सएलआर, मिक्सरच्या माइक इनपुटला, डावा-उजवा वेगवेगळ्या चॅनलला. घूं घूं बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरमुळे, एकदा चार्जर काढून बघ, थांबलं तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण (सिग्नलच्या तारेतली अर्थची जोडणी तोडणारं) दाब. साऊंडच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कापू नकोस, मी ते करणारे बघितलेत.

उलटी_तबकडी

आवाजाचं काकांनी मिटवलं, आता मी हाताचं बोलतो कारण मशीन बदलायचं खरं कारण तेच असतं. मी पुण्यात असतो, स्क्रॅच जास्त करतो म्हणून माझं मत थोडं वाकडं असेल.

एफएलएक्स-४ चांगलंय पण ४०० वरून तिकडे गेलास तर हाताला फारसं काही नवीन मिळणार नाही, साधारण त्याच मापाचा जॉग. जमेची बाजू म्हणजे ते रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतं, ४०० रेकॉर्डबॉक्ससाठीच होतं. मिक्सट्रॅकचा जॉग सहा इंची आणि पिच फेडर (गाण्याचा वेग बदलायची सरकपट्टी) लांब, हा लांब फेडर हळदीवाल्यांनी कमी लेखू नये, कारण जुनी कोळीगीतं क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठेक्यावर) वाजवलेली नसतात, टेम्पो सरकत राहतो, सिंक (ठेका आपोआप जुळवणारं बटण) तिथे गंडतो आणि हातानेच बारीक बारीक ओढत बसावं लागतं. आखूड फेडरवर केसभर सरकवायला गेलं की बोटभर सरकतं. ८०० चा जॉग जड, भरीव, मधे स्क्रीन, एकदा सवय झाली की मागे जावंसं वाटत नाही. मोटरवाली मशीनं वेगळीच, रेन वनची तबकडी ७.२ इंची आणि खरंच फिरते, पण हळदीला ती घेऊन जाणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं.

आणि एक, अर्ध्या लोकांना जॉग ढिला वाटतो तो जॉगमुळे वाटतच नाही, बफरमुळे (लॅपटॉप आवाज पुढे पाठवण्याआधी जमा करतो तो साठा, मोठा असला की आवाज उशिरा येतो) वाटतो. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सँपलचा बफर म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद, १२८ केला की ३ च्या आत. विंडोज असेल तर मशीनचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाक, बफर उतरवत जा, कडकड आली की एक पायरी वर. आधी हे कर आणि मग म्हण खेळण्यातला.

जनसेट_गेला

एक मुद्दा कुणीच बोललं नाही. ८०० ला अ‍ॅडॅप्टर लागतो. जनसेट (जनरेटर) बंद पडला की मशीन बंद. ४०० काय, एफएलएक्स-४ काय, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतं, लाइट आली की तू तिथूनच पुढे. ८०० घेतलंस तर सोबत छोटा यूपीएस ठेव, नवरीच्या एंट्रीला मशीन पुन्हा चालू व्हायची वाट बघत उभं राहिलोय मी.

हळदीवाला_नाशिक

अपडेट देतो. रविवारी मित्राचा हॉल रिकामा होता, ८०० वाल्या मुलालाच बोलावलं, चांगला निघाला. आधी त्याच जुन्या केबलने लावलं, तोच पातळ आवाज. मग डीआयमधून डावा-उजवा वेगळा केला, बेस धाडकन आला, मी एकटाच हसत होतो. चार्जर काढला तर घूं पण बंद, काका पाया पडतो. मग दोन्ही मशीनची लेव्हल मोबाइलवरच्या डीबी मीटरने सारखी केली आणि एकच गाणं, मशीनकडे पाठ करून बसायचं, मित्र मिक्सरवर दोन्ही मशीनमध्ये अदलाबदल करणार. दहा वेळा विचारलं, मी पाच बरोबर सांगितले, ८०० वाला स्वतः चार. लेव्हल जुळवायच्या आधी मात्र दोघंही छातीठोक ८०० म्हणत होतो, ते जरा मोठं वाजत होतं एवढंच. उलट माझ्याकडची यूट्यूबवरून उतरवलेली काही गाणी दोन्हीवर सारखीच घाण वाजली, ती विकत घ्यावी लागणार.

पण जॉग. जॉग मनातून जात नाहीये. बफर १२८ वर आणल्यावर ४०० बराच सुधारला, तरी ८०० वर हात ठेवला की थांबावंसंच वाटतं. सीझन संपला की सेकंडहँड बघतो. घेताना काय तपासू?

उलटी_तबकडी

क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं हेडफोनमध्ये झिरपतं का ते ऐक. जॉगच्या वर नुसतं बोट टेकव, गाणं लगेच थांबलं पाहिजे, चार कोपऱ्यांत टेकवून बघ. आणि सगळे पॅड एकेक करून दाब, विकणारा घाई करत असेल तरी.

वायरवाले_काका

एक्सएलआरचे दोन्ही चॅनल वाजवून बघ, पिन हलवून. आणि ती जुनी केबल साऊंडवाल्याला परत देऊ नकोस.