मदत हवी आहे: साहेबांच्या शिव्यांनी अख्खी टीम गप्प झालीय, वर कळवायचं तर कसं?

नमस्कार मंडळी,
चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, नाव सांगत नाही. नवे मॅनेजर आल्यापासून सकाळची मीटिंग म्हणजे रोज कुणाची तरी सगळ्यांसमोर बिनपाण्याने. "डिप्लोमा विकत घेतलास का", "उद्यापासून गेटवर उभा राहा" असली भाषा, तीही ट्रेनी पोरांसमोर. कामातली चूक काढली तर कोण नाही म्हणतंय, क्वालिटीत ते चालायचंच, पण हे वेगळंय.

खरी काळजी पुढची आहे. आधी बोअरचं (पार्टमधल्या गोल भोकाचं) माप जरा सरकायला लागलं की ऑपरेटर स्वतः येऊन सांगायचा, मग टूल बदललं की विषय संपला. आता जो सांगेल त्याच्याच गळ्यात पडतं, त्यामुळे कुणी तोंडच उघडत नाही, शिफ्ट संपेपर्यंत ढकलायचं आणि पुढच्यांवर टाकायचं, आणि रजिस्टरला रीडिंग बघाल तर सगळ्या एकसारख्या (इतक्या सारख्या रीडिंग नव्या मशीनवर पण येत नाहीत). चांगली पोरंसुद्धा जेवढ्यास तेवढं करतात आणि पंचिंग करून बस पकडतात. एक सीनियर तर साहेबांवरचा राग ट्रेनींवर काढायला लागलाय.

नेटवर शोधताना बेनेट टेपर म्हणून संशोधक आहेत त्यांच्या २००० सालच्या पेपरबद्दल वाचलं. अशा बॉसच्या हाताखालची माणसं सोडून जातात, जी राहतात त्यांचं कामातलं मन उडतं, घरीही खटके उडतात, आणि ज्याला दुसरी नोकरी मिळणं अवघड त्याला त्रास जास्त. माझं होमलोन चालू आहे, म्हणजे मी कुठे बसतो ते कळलंच.

मित्र म्हणाला पॉश कमिटीकडे जा, पण पॉश हा २०१३ चा कायदा बायकांच्या लैंगिक छळापुरता आहे, असल्या आरडाओरड्याला लागू नाही.

तर प्रश्न असा की प्लँट हेडना लेखी द्यायचं तर शिव्यांची तक्रार म्हणून द्यावं, की रीडिंग खोट्या येतायत आणि खराब माल कस्टमरकडे जाईल या बाजूने? पहिलं दिलं तर "कडक आहेत ते, मनावर घेऊ नका" म्हणून सोडून देतील, दुसरं दिलं तर बिचारे ऑपरेटरच अडकतील. सही करायला तीन-चार जण तयार आहेत म्हणतात, कागद समोर ठेवल्यावर किती उरतील देव जाणे.

कुणी असं लेखी दिलंय का, काय शब्द वापरले होते? नोकरी बदल हा सल्ला भरपूर मिळालाय, तो सोडून सांगा. पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, त्याआधी काय ते ठरवायचंय.