भावाच्या एमडीआर टीबीसाठी ट्रायल शोधतेय, सुरुवात कुठून करू?

मेघना_क
धाकट्या भावाला एमडीआर टीबी निघालाय. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड ही टीबीची दोन्ही मुख्य औषधं लागू पडत नाहीत, तसा रिपोर्ट आलाय. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्यात, पण ओळखीतले एकजण म्हणाले, ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, घातलंत तर नवीन औषध मिळेल, लवकर सुटेल. ट्रायलच्या नोंदींची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही साइट उघडली तर ही भलीमोठी यादी. शोधायचं कसं? घेतात कोणाला? आणि तोवर गोळ्या सुरू न करता थांबू का?

रानवारा
ट्रायल म्हणजे आपल्यावर प्रयोग. साखरेची गोळी देतील आणि बसा आशेवर. लांब राहा.

सुधाताई
मी ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, दिवसभर हेच बोलत असते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: थांबू नका. हा प्रश्न का पडतो तेही माहीत आहे. टीबीच्या बऱ्याच ट्रायलमध्ये अट असते की ही औषधं ठरावीक दिवसांपेक्षा जास्त घेतलेली नसावीत. मग घरचे हिशेब मांडतात, की थांबलो तर अटीत बसू. बसालही कदाचित, पण तोवर आजार वाढतो आणि घरातल्यांना लागण होत राहते. डॉक्टरांना आजच विचारा, कुठली ट्रायल भरती करतेय का. असेल तर लगेच पाठवतील.

आता यादी. नुसतं 'टीबी' टाकू नका, 'मल्टिड्रग रेझिस्टंट' टाका, देश निवडा, स्टेटस 'रिक्रूटिंग' ठेवा. 'ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग' म्हणजे काम चालू, भरती बंद. लोक हमखास तिथेच फसतात. नोंद शेवटची कधी बदलली ते पाहा, फार जुनी असेल तर फोन करून खात्री करा. ही साइट अमेरिकेची आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपी पोर्टलवर बऱ्याच देशांच्या नोंदी एकत्र दिसतात. नोंद आहे म्हणजे कोणी पारखून शिक्का मारलाय असं मात्र नाही. माहिती आयोजकच भरतात. 'सहभागाचे पैसे भरा' म्हणाले की तिथूनच परत फिरा.

अटी वाचताना आधी 'एक्सक्लूजन', म्हणजे कोणाला घेत नाहीत ते, वाचा, वेळ वाचतो. बेडाक्विलिन हे टीबीचं औषध असेल तर ईसीजीमधला क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) पाहतातच, कारण ते औषध तो लांबवतं. शिवाय लिव्हरचे रिपोर्ट आणि आधी कोणती औषधं झालीत ते. फोन करताना सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (कोणती औषधं लागू पडतात तो), ईसीजी आणि औषधांची तारखांसकट यादी समोर ठेवा. 'बाकी सगळं नॉर्मल आहे' यावर मला काहीही ठरवता येत नाही.

रानवारा, चांगला उपचार असलेल्या आजारात पेशंटला नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवायला एथिक्स कमिटी परवानगी देत नाही. टीबी-प्रॅक्टेकल या ट्रायलचंच उदाहरण घ्या. बेलारूस, उझबेकिस्तान, दक्षिण आफ्रिका. एका गटाला तेव्हाचे नेहमीचे उपचार, बाकीच्यांना 24 आठवड्यांचे नवे. नवे इतके सरस ठरत होते की स्वतंत्र देखरेख मंडळाच्या सल्ल्याने 2021 मध्ये भरती थांबवली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तेच औषधोपचार सुचवले: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन.

मेघना, डॉक्टरांची चिठ्ठी काढून बघ बरं. हीच नावं असतील तर ते 'नवीन औषध' तुझ्या हातात आहे. ट्रायलमध्ये कुठला गट मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, तिथे नव्याची हमी नाही.

जोशी_पी
मी एका लशीच्या ट्रायलमध्ये होतो. थर्मामीटर, दंडावरची लाली मोजायला पट्टी आणि रोज भरायचं डायरी कार्ड देतात. कार्ड भरायचा कंटाळा येतो, बाकी काही नाही. संमतीपत्र घरी आणून वाचा. त्रास झाला तर खर्च कोण करणार आणि मध्येच बाहेर पडलो तर उपचार कुठे चालू राहतील, ही उत्तरं त्यात सापडलीच पाहिजेत.

मेघना_क
चिठ्ठीवर चारही नावं आहेत! आजपासून सुरू करतोय. सुधाताई, आई आणि मी त्याच्याच घरात राहतो. आमच्यासाठी काही असतं का?

सुधाताई
असतं. संपर्कातल्यांसाठी लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या दोन ट्रायल झाल्या, व्हिएतनाममध्ये व्ही-क्विन आणि दक्षिण आफ्रिकेत मुलांसाठी टीबी-चॅम्प. तिथे मात्र प्लासिबो, म्हणजे ती साखरेची गोळी, होतं, कारण निरोगी माणसाला औषध द्यावं की नाही हेच ठरायचं होतं. दोन्हींचे आकडे एकत्र केल्यावर फायदा दिसला, आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून सहा महिन्यांच्या कोर्सची शिफारस आली. म्हणजे यासाठीही आधी ट्रायल शोधायची गरज नाही, भावाच्या डॉक्टरांनाच विचार. त्याआधी दोघींचे छातीचे एक्स-रे करून घ्या, आजार नाही याची खात्री झाल्याशिवाय ही गोळी सुरू करत नाहीत. आणि लेव्हो चालू असताना टाचेच्या वरची घोडशीर दुखायला लागली तर त्याच दिवशी कळवायचं, आईंना खास सांगून ठेव.