मदत हवी आहे : स्वभावातली अस्वस्थता आणि परिस्थितीने आणलेली अस्वस्थता वेगळी कशी मोजावी?

नमस्कार मंडळी,

मी एम. ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय ठाण्यातलाच आहे. नौपाडा-पाचपाखाडी भागात ज्यांची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडली गेली आणि जे भाड्याच्या घरात राहून ताब्याची वाट बघताहेत, अशा साठी ओलांडलेल्या सभासदांना हे अधांतरीपण किती सोसवतं, ते मला मोजायचं आहे.

त्यासाठी 'इन्टॉलरन्स ऑफ अनसर्टन्टी स्केल' (अनिश्चितता माणसाला किती असह्य होते ते मोजणारी प्रश्नावली) निवडली आहे. मूळ स्केल १९९४ ची, फ्रेंचमधली, २७ विधानांची. मी कार्लटन, नॉर्टन आणि अ‍ॅसमंडसन यांची २००७ ची १२ विधानांची आवृत्ती वापरणार आहे. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज १२ ते ६०. त्यातली ७ विधानं पुढच्या गोष्टींची धास्ती आणि सगळं आधीच कळावं ही ओढ बघतात, उरलेली ५ माणूस अनिश्चिततेपुढे थिजतो का ते बघतात.

ही विभागणी मला फार मोलाची वाटते. ओळखीपाळखीच्या गप्पांतच दोन्ही प्रकार दिसले. एक काका दर आठवड्याला साइटवर जाऊन कितवा स्लॅब पडला ते वहीत लिहितात. त्यांच्याच मजल्यावरच्या काकूंनी अजून खोकी उघडलेली नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा "नव्या घरी गेल्यावर बघू" म्हणून लांबवलंय. नुसती बेरीज घेतली तर दोघं सारखेच दिसतील.

संदिग्धतेसाठी बडनरची १९६२ ची १६ विधानांची स्केलही आहे. पण ती समोर असलेल्या गोष्टीचा अर्थ नीट न लागण्याबद्दल आहे, मला पुढे काय होणार हे न कळण्याबद्दल विचारायचं आहे. शिवाय या वयाच्या माणसांना एका बैठकीत किती प्रश्न विचारायचे? ती सोडावी असं मला वाटतं, माझ्या मार्गदर्शक सरांना मात्र दोन्ही हव्यात.

खरी अडचण पुढे आहे. ही स्केल स्वभाव मोजते. पण ज्यांचं बिल्डरकडून मिळणारं भाडं उशिरा येतं आणि ताब्याची तारीख सारखी पुढे जाते, त्यांचे गुण जास्त आले तर तो स्वभाव म्हणायचा का? उद्या कुणी हेच आकडे दाखवून "ही मंडळी मुळातच काळजीखोर" असं म्हटलं, तर त्यांच्या रास्त तक्रारीवर माझ्याच अभ्यासामुळे पाणी पडेल. ते मला अजिबात नकोय.

वाचताना महोनी आणि मॅकएव्हॉय यांचं २०१२ चं काम सापडलं. त्यात तीच १२ विधानं एका ठरावीक परिस्थितीपुरती विचारली आहेत. म्हणून दोन्ही रूपं द्यावीत असा विचार आहे. पण आधी घराबद्दल विचारलं तर तीच चिंता सर्वसाधारण उत्तरांत उतरेल, आणि सर्वसाधारण आधी विचारलं तरी मनात घरच असणार. दोन भेटींत मध्ये काही आठवडे ठेवून विचारावं का? की निम्म्या लोकांना उलट क्रमाने द्यावं? तुलनेसाठी त्याच भागातल्या, रिडेव्हलपमेंटला न गेलेल्या सोसायट्यांतले समवयस्क घेतले तर चालतील ना?

ज्येष्ठांसोबत प्रश्नावलीचं काम केलेल्यांनी आणखी एक सांगा : विधानं मी वाचून दाखवली तर उत्तरं बदलतात का? बऱ्याच जणांना बारीक अक्षर वाचता येत नाही, आणि शेजारी सून किंवा मुलगा बसलेला असतो.