शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन: नमुना नेमका कसा घ्यायचा?

मदत हवी आहे. तेलघाण्यावर येणाऱ्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीमुळे तयार होणारं विष) आहे का, हे तपासायचं काम माझ्याकडे आहे. एकाच लॉटमधून 1-1 किलोचे दोन नमुने पाठवले. एक पास, दुसरा मर्यादेच्या कितीतरी वर! बुरशी मोजक्याच दाण्यांत असते हे कळतं. सुरकुतलेला, काळपट दाणा फोडला की आत हिरवट भुकटी दिसते. मग किती पोत्यांतून, एकूण किती किलो माल काढायचा? सगळा दळून मगच वाटणी करायची का?

दुसरं, हे विष बहुतांश पेंडीत राहतं, पण रिफाइन न केलेल्या तेलातही थोडं उतरतं. गाळ बसल्यावर तेल वेगळं तपासता का? पेंडीची जास्त काळजी वाटते, कारण गुरांनी खाल्ली की तेच अफ्लाटॉक्सिन एम1 या बदललेल्या रूपात दुधात येतं. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.