पुतणीला अकरावीत इतिहास-राज्यशास्त्र घेऊ द्यावं का?

परळकर
पुतणी यंदा दहावी झाली, ८४ टक्के. घरात सगळे सायन्स धरून बसलेले आणि बाईसाहेब म्हणतात आर्ट्स, तेही इतिहास आणि राज्यशास्त्र. भाऊ दोन दिवस जेवताना एक शब्द बोललेला नाही. माझं मत, घेऊ द्यावं. तिचे आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत. आमच्याकडे ‘संपानं वाटोळं केलं’ इथेच विषय संपतो. तिला त्याच्या पुढचं हवंय. मग केमिस्ट्रीकडे कशाला ढकलायचं?

खर्चवही
तिला पडलेला प्रश्न चांगला आहे हो, पण त्यावर घर चालत नाही. मी इतिहासात एमए, नोकरी विम्याचे फोन घेण्याची. आणि ज्युनियर कॉलेजात इतिहास म्हणजे काय? बाई गाईड वाचणार, आपण उतरवणार. ८० मार्कांचा पेपर, २० कॉलेजच्या हातात, कारणे द्या, टिपा लिहा, संपलं. आमचं कॉलेज फोर्टात. राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपतात ती जागा, काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आमच्यापासून चालत दहा मिनिटं. दोन वर्षांत कोणी बाहेरूनसुद्धा दाखवलं नाही.

खडूवाली
मी हेच विषय शिकवते, पश्चिम उपनगरात. गाईडचा आरोप कबूल. वर्गातली निम्मी मुलं दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली असतात, त्यांना टिपाच हव्या असतात.

पण मध्यंतरी ७४ वी घटनादुरुस्ती सांगत होते. पालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक घ्यायची, घटनेतच लिहिलंय. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मग आमच्या वॉर्डात नगरसेवक का नाही, मॅडम?” मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, कारभार तेव्हा प्रशासकाकडे होता. घरासमोरच्या तुंबलेल्या गटारावरून तो थेट घटनेपर्यंत आला होता. पुढच्या तासाचे सर दारात उभे राहिले तरी आमचं चालूच. हे फिजिक्सच्या तासाला होत नाही. (फिजिक्सवाल्यांनी रागावू नये.)

खर्चवही
एक तास! बाकीच्या दोनशे तासांचं काय?

खडूवाली
बाकीचे तास तुमच्यासारखेच. खोटं कशाला बोलू.

फास्टलोकल
मी आर्ट्सवाला, आता वकील. पाच वर्षांच्या लॉची सीईटी बारावीनंतर कुठल्याही शाखेतून देता येते. राज्यशास्त्राचा पहिल्या वर्षी फायदा झाला, घटना कोरी वाटली नाही. तरी भावाची भीती अगदीच पोकळ नाही. सायन्सवाला बारावीनंतर बीएला येऊ शकतो, आर्ट्सवाल्याला इंजिनिअरिंगचं दार बंद. पोरीला हे आधी स्पष्ट सांगा आणि मग तिचं तिला ठरवू द्या. सोबत अर्थशास्त्र घ्यायला लावा. संपाचं कोडं नुसत्या इतिहासानं सुटायचं नाही, गिरण्यांच्या जमिनींचे भावही वाचावे लागतील.

परळकर
भावाला सगळं वाचून दाखवलं. अर्थशास्त्रावर जरा नरमला, काल भाजी वाढ म्हणाला. पुतणीचा एक प्रश्न आहे, खर्चवहींना. त्या काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात सोळा वर्षांच्या मुलीला आत सोडतात का?

खर्चवही
मला काय विचारता? एमए झालो, पण मी अजून पायरीसुद्धा चढलेलो नाही.