मदत हवी आहे: 'ड्युएल'ची फोर के डिस्क घरच्या ब्ल्यूरे प्लेयरवर लागत नाहीये

मंडळी नमस्कार, सोलापुरातून लिहितोय. स्पीलबर्गचा 'ड्युएल' बऱ्याच जणांनी बघितला असेल. १९७१ चा, अमेरिकेत एबीसी चॅनलवर नोव्हेंबरात आलेला टीव्ही पिक्चर, एक साधा सेल्समन लाल गाडीतून कामाला चाललाय आणि एक जुनाट मळकट टँकर उगाचच त्याच्या जिवावर उठतो. ड्रायव्हर कोण, कशाचा राग धरलाय, शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, हात दिसतो, बूट दिसतात, बस. ज्यांनी बघितला नाही त्यांनी खाली जरा जपून वाचा, मी सगळं बोलणार आहे.

तर ह्याची रिस्टोअर केलेली फोर के डिस्क (फुल एचडीपेक्षा जास्त बारीक चित्राची) २०२३ मध्ये निघाली. ती मला सेकंडहँड मिळाली एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, 'कुठल्याही प्लेयरवर चालेल' असं तिथं छातीठोक लिहिलेलं. माझ्याकडं साधा ब्ल्यूरे प्लेयर आहे, जुन्या ब्ल्यूरे डिस्का एकदम मस्त चालतात त्यावर. ही घातली की जरा वेळ घरघर करतो आणि मग स्क्रीनवर डिस्क वाचता येत नाही म्हणून मेसेज. विक्रेता आता म्हणतोय की भारताचा रिजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी ते ठरवणारा कोड) वेगळा आहे त्यामुळं लागत नसेल, परत घेणार नाही. हे खरंय का? रिजनचंच असेल तर प्लेयरमध्ये काही सेटिंग बदलून जमतं का, की विक्रेता टोपी घालतोय?

आता एवढी घाई का ते सांगतो. माझे चुलते, तात्या, सगळी उमर सोलापूर-हैदराबाद लाईनला ट्रक चालवलेले. मागं एकदा लॅपटॉपवर त्यांना ह्यातला थोडा भाग दाखवला, कुठूनतरी मिळालेली खराब कॉपी, चेहरे पुसल्यासारखे. इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही तरी हलले नाहीत जागचे. सुरुवातीला पेट्रोल पंपावरचा पोरगा त्या सेल्समनला सांगतो की रेडिएटरचा होज बदलायला झालाय, आणि हा बाबा हसून सोडून देतो. तात्या तिथंच म्हणले, "हितंच मेला बघ ह्यो. म्होरं चढ लागला की गाडी उकळणार." आणि खरंच पुढं चढाला होज जातो, वाफ निघते, कशीबशी गाडी माथ्यावर पोचते आणि न्यूट्रलवर उतरते. तात्या खूश. पण ट्रकच्या पुढच्या बंपरवर लावलेल्या नंबरप्लेटा त्या कॉपीत वाचताच आल्या नाहीत. वेगवेगळ्या राज्यांच्या आहेत त्या, म्हणजे आधी किती जणांना उडवलंय ह्याचा हिशोबच लावून फिरतोय ड्रायव्हर, असं बरेच जण मानतात. तात्यांना एवढंच बघायचंय की "कुठलं पासिंग हाय". एमएच १३ नाही एवढं मी सांगितलंय.

अजून एक विचारायचं होतं. ह्याच्या दोन कॉप्या आहेत ना, टीव्हीवर दाखवलेली ७४ मिनिटांची चौकोनी, आणि नंतर परदेशात थेटरात लावायला सीन वाढवून केलेली साधारण ९० मिनिटांची रुंद. मला टीव्हीवालीच दाखवायची आहे. डिस्कमध्ये ती आहे की नाही कसं ओळखायचं? आणि माझा टीव्ही साधा फुल एचडी आहे, फोर के नाही, म्हणजे सगळा खटाटोप वाया का? सबटायटलचं टेन्शन नाही, मराठी नसणारच असं धरून चाललोय, मध्येमध्ये पॉज करून मी सांगेन.

डिस्कवेडा: विक्रेत्याला रिजनचं कारण कुणीतरी शिकवलेलं दिसतंय पण ते इथं लागू नाही. रिजनची भानगड डीव्हीडी आणि साध्या ब्ल्यूरेला, डीव्हीडीत आपण ५ मध्ये, ब्ल्यूरेत सी मध्ये. फोर के अल्ट्रा एचडी डिस्कला रिजन कोडच नसतो, जगात कुठली पण कुठं पण चालते. तुमचा खरा प्रॉब्लेम म्हणजे डिस्क आणि प्लेयर वेगळ्या पिढीचे आहेत. आकार सेम दिसतो म्हणून फसायला होतं, पण अल्ट्रा एचडी डिस्कवर डेटा जास्त दाबून भरलेला असतो आणि व्हिडिओचा फॉरमॅट पण नवीन. साधा ब्ल्यूरे प्लेयर ते वाचू शकत नाही, सेटिंग बदलून काही होणार नाही. उलटं चालतं, नव्या प्लेयरवर जुन्या डिस्का चालतात. 'कुठल्याही प्लेयरवर' असं लिहिलेला स्क्रीनशॉट असेल तर त्यावर पैसे मागा, सोडू नका.

प्लेयर नवीन घ्यायचा नसेल तर कुणाकडं गेमिंग कन्सोल आहे का बघा. प्लेस्टेशन ५ डिस्क ड्राईव्हवाला असेल तर चालेल, डिस्कवाला एक्सबॉक्स सिरीज एक्स पण चालेल. सिरीज एसमध्ये डिस्कचं तोंडच नाही, तो नको.

रिळवाला: फुल एचडी टीव्हीवर पण चालतं ओ, प्लेयर आपोआप खाली आणतो. फक्त चित्र काळपट किंवा फिकट दिसलं तर एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवायची सोय) बंद करून बघा. वाया तर अजिबात नाही. टीव्हीसाठी काढला असला तरी ३५ एमएम फिल्मवर शूट केलेला, त्यामुळं निगेटिव्ह परत स्कॅन केलं की जुन्या काळी कुणाच्या टीव्हीवर दिसलं नसेल एवढं डिटेल निघतं. त्या काळच्या व्हिडिओ टेपवर काढलेल्या सिरियलींचं असं करता येत नाही, टेपमध्ये जेवढं आहे तेवढंच. ह्या पिक्चरला तर मळच बघायचाय, ट्रकच्या तोंडावरचा गंज, तेलाचे ओघळ. पीटरबिल्टचं ते लांब नाकाचं मॉडेल स्पीलबर्गनं त्याचं तोंड चेहऱ्यासारखं दिसतं म्हणून निवडलेलं.

कॉपी ओळखायची असेल तर खोक्याच्या मागं बारीक अक्षरात बघा, १.३३ (चित्राची रुंदी उंचीच्या किती पट ते) आणि ७४ मिनिटं असं काही दिसलं तर टीव्हीवाली, १.८५ म्हणजे थेटरवाली. पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर मोठीच लावली असती. रेल्वे फाटकाचा सीन फक्त तिच्यात आहे, मालगाडी चाललीय आणि मागून ट्रक गाडीला रुळाकडं ढकलतोय. ट्रकवाल्या माणसाला हे नाही दाखवायचं तर काय दाखवायचं?

मूळ धागाकर्ता: फाटकाचा सीन भारी आहे, मान्य. पण त्याबरोबर बायकोला फोन करायचा सीन येतो आणि स्कूलबसचा येतो, बसमध्ये तर ट्रकच बसला ढकलून मदत करतो, तिथं भीती उतरते माझ्या मते. लहान कॉपीत श्वास घ्यायला जागाच नाही. आणि तात्यांना पॉज करून फोनवरचं नवरा-बायकोचं भांडण समजावत बसू का मी. बाकी खोक्याच्या मागं दोन्ही मिनिटं लिहिलेली आहेत असं वाटतंय, चष्मा लावून परत बघतो. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं, आज त्याला मेसेज टाकतो.

जुळेसोलापूरकर: अहो कशाला एवढं. आमच्या धाकट्याकडं प्लेस्टेशन ५ आहे, डिस्कवालाच, दिवसभर त्यावर फुटबॉल खेळत असतो. रविवारी दुपारी तात्यांना घेऊन या, मी जुळे सोलापुरातच राहतो, व्यक्तिगत निरोप करा पत्ता देतो. टीव्ही पण फोर के आहे. येताना शेंगाचटणी आणली तर नाही म्हणणार नाही.

मूळ धागाकर्ता: झालं मग, तुम्ही देवमाणूस आहात ओ. चटणी नक्की. तात्यांना आत्ताच फोन केला, त्यांचा एकच प्रश्न होता, टीव्ही मोठा हाय का. हो म्हणलं.

रिळवाला: जाण्याआधी एक, टीव्हीवाली कॉपी लावली तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार, ते बरोबर आहे. कुणी रिमोट घेऊन झूम करायला लागलं तर हातातून काढून घ्या, वरचं खालचं कापलं जातं आणि नंबरप्लेटा खालीच आहेत.

जुळेसोलापूरकर: रिमोट माझ्याकडं. रविवारी तीनला या, उशीर करू नका, पाचला पोराची मॅच आहे.